अंगण-बांधणी (भंडारा जिल्हा)

अंगण-बांधणी : घराच्या जोत्याबाहेर, पण घराच्याच हद्दीत होणारे माती, दगड, विटा व सिमेंटचे काम आणि त्याची आखणी. ओटा, पायऱ्या, वाट, फरसबंदी, विहिरीचा चौथरा, न्हाणी, तुळशीवृंदावन, कुंपण किंवा आवारभिंत, फाटक, नाली व शोषखड्डा यांचा त्यात समावेश होतो. झाडे-भाजीपाला हा वेगळा विषय आहे. येथे झाडाचे आळे तेवढे येईल, कारण गवंडी ते बहुधा विसरतो.

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत घरापुढची मोकळी जागा ती ‘आंगन’ आणि घराच्या कडेची किंवा मागची, भाजीपाल्याची जागा ती ‘सांदवाडी’. झाडीबोलीत ‘ण’ व ‘ळ’ हे ध्वनी नाहीत. ‘ण’च्या जागी ‘न’, ‘ळ’च्या जागी बहुधा ‘र’ येतो. म्हणून ‘आंगन’ हे अशुद्ध रूप नव्हे, त्या बोलीचे नियमित रूप आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा पद्धतशीर अभ्यास केला. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या लेखनात ‘भंडारा’ म्हणजे दोन्ही जिल्हे, हे जुनी वर्णने वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

जमीन : अंगणाचा खर्च वरच्या फरशीपेक्षा खालच्या मातीवर ठरतो. जिल्ह्यातील शेतकरी मातीला कन्हार, मोरांड, सिहार, खर्डी, बर्डी अशा नावांनी ओळखतो आणि ही नावे महसुली दप्तरातही शिरली आहेत. कन्हार ही काळी, चिकण, ओल धरणारी. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट घातलेली फरशी दोन-तीन पावसाळ्यांत वर-खाली होते, सांधे उघडतात आणि दोष मात्र सिमेंटला लागतो. सिहार पिवळसर, वाळूमिश्रित; धानाला उत्तम आणि अंगणाला बऱ्यापैकी. खर्डी व बर्डी उथळ, खडेमिश्रित. धानाच्या दृष्टीने हलक्या, पण घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने भाग्याच्या. कन्हारीवर बांधायचे तर निदान फूटभर माती काढून मुरूम भरावा, थर सहा-सहा इंचांचे ठेवावेत आणि प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकावा. १,००० चौ. फूट अंगणाला सहा इंचांचा ठोकलेला मुरूम ५ ब्रास होतो. सैल मुरूम त्याहून ब्रास-सव्वा ब्रास जास्त मागवावा लागतो. (ब्रास म्हणजे १०० घनफूट. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या या जिल्ह्यात हा शब्द परक्या माणसाला चकवतो. पितळेशी त्याचा काही संबंध नाही.)

पाणी : जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे १,३०० मि. मी. पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. १,००० चौ. फुटांच्या अंगणावर एका वर्षात यामुळे सुमारे १ लाख २० हजार लिटर पाणी पडते. छपरावरून येणारे पाणी वेगळे. मातीचे सारवलेले अंगण यातले काही पिते, काही सोडते. सिमेंटचे अंगण काहीच पीत नाही, सगळे कुठेतरी ढकलते. ते कुठे ढकलायचे हे आधी ठरले पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेक घरी आधी फरशीचा रंग ठरतो.

या बाबतीत जिल्ह्याला उसने ज्ञान आणण्याची गरज नव्हती. कोहळी समाजाने व मालगुजारांनी (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांनी) बांधलेले शेकडो तलाव, म्हणजे आजच्या सरकारी भाषेत ‘माजी मालगुजारी तलाव’, याच मुलखातले आहेत. तलावाच्या बांधणीत तीन गोष्टी असत : पाणी अडवणारी पाळ, हवे तेवढे पाणी सोडणारे तुडुम आणि जादा पाणी पाळ न फोडता बाहेर नेणारी सलंग. अंगणालाही हेच तीन भाग लागतात. जोत्याची बाजू उंच राहिली पाहिजे, रोजच्या सांडपाण्याला वाट पाहिजे आणि मुसळधार पावसाच्या पाण्याला वेगळी, मोठी वाट पाहिजे. नवी घरे पहिले दोन भाग करतात. तिसरा करत नाहीत. चार इंची पाइपात रात्रभराचा पाऊस मावत नाही, आणि मग पाणी ओसरीत येते.

उतार दर १० फुटांना २ इंच (१:६०) ठेवावा. तो डोळ्यांना जाणवत नाही, पाण्याला मात्र पुरतो. कवेलूच्या (कौलांच्या) छपराला पन्हळ नसते. पागोळ्या एका सरळ रेषेत पडतात आणि त्या रेषेत मातीला चर पडतो. जुन्या घरांत या रेषेवर दगडगोट्यांची किंवा चपट्या दगडांची पट्टी बसवलेली दिसते. टिनाचे पत्रे आल्यावर पाण्याचा मारा वाढला, पण ती पट्टी नाहीशी झाली. अंगणाचा उतार सांदवाडीकडे द्यावा की रस्त्याकडे, यावर एकमत नाही. रस्त्याकडे देणाऱ्यांना नालीचा भरवसा असतो. प्रस्तुत लेखकाचा कल सांदवाडीकडे आहे.

रस्त्याचा प्रश्न अलीकडचा. गावातील सिमेंट रस्ता दुरुस्तीच्या वेळी उखडण्याऐवजी त्याच्यावरच नवा थर दिला जातो. एकेका थराला चार-सहा इंच. दोन-तीन कामांनंतर अंगण रस्त्याच्या खाली जाते आणि जे पाणी बाहेर जायचे ते आत येऊ लागते. मग घरमालक अंगण उचलतो, त्यामुळे जोते बुटके होते, आणि पुढे उंबरठ्याची पाळी येते. हे टाळायचे तर आजच्या रस्त्याच्या पातळीवर विसंबू नये. अंगणाची कडा रस्त्याहून फूटभर आणि जोते अंगणाहून दीड-दोन फूट वर घ्यावे.

शोषखड्डा साधारणतः १ मी. लांब, १ मी. रुंद व १ मी. खोल काढून त्यात तळाशी मोठे दगड, वर लहान दगड, सर्वांत वर गिट्टी व रेती भरतात. नांदेड जिल्ह्यात शोषखड्ड्यांची गावोगाव मोहीम झाली. तेथील प्रकाराला ‘नांदेड पॅटर्न’ म्हणतात. सिहार व बर्डी जमिनीत शोषखड्डा चांगला चालतो. कन्हारीत मात्र तो हळूहळू डबके होतो, ही गोष्ट पत्रकांत लिहिलेली नसते. विहिरीपासून तो शक्य तितका दूर हवा.

वैनगंगेच्या काठी हिशोब वेगळा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या पुरात भंडारा शहराचा सखल भाग व नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. राज्यात पूररेषा दोन प्रकारच्या आखतात : २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदीकाठच्या भूखंडावर पक्की आवारभिंत बांधण्यापूर्वी या रेषा पाहाव्यात. भरीव भिंत पूर अडवत नाही. तो ओसरताना पाणी आत कोंडते आणि शेवटी स्वतःही पडते. तळाशी फुटाफुटाच्या मोऱ्या ठेवलेली भिंत टिकते.

फरसबंदी : सर्वांत जुने व सर्वांत स्वस्त अंगण शेण-मातीने सारवलेले. धान कापून आणल्यावर चुरण्याआधी (मळणीआधी) खळे व अंगण ठोकून सारवले जाई, कारण भेगेत गेलेला दाणा परत मिळत नाही. हे काम बायकांचे. त्याचे मोजमाप कोणी ठेवले नाही.

जिल्ह्याचा खडक साकोली व सौसर या प्राचीन रूपांतरित खडकमालिकांचा : नाइस, शिस्ट, क्वार्टझाइट, जोडीला मँगनीज व कायनाइट. पश्चिम महाराष्ट्रात हाताशी असणारा काळा पाषाण इथे हाताशी नाही. म्हणून पुण्या-साताऱ्याच्या वाड्यांतील काळ्या घडीव दगडांचे चौक भंडाऱ्यात शोधू नयेत. इथला दगड एकतर पापुद्र्याने सुटतो किंवा छिन्नीला दाद देत नाही. त्यामुळे पायात गोटे आणि वर माती किंवा वीट असेच बांधकाम रूढ झाले. फरशी बाहेरून आली : कर्नाटकातील शहाबादची, पुढे राजस्थानातील कोट्याची. खडबडीत शहाबादी पावसात फारशी निसरडी होत नाही. चकचकीत कोटा अंगणाला वापरू नये. खडबडीत पृष्ठभागाचा चालतो. घरातल्या टाइल्स अंगणात बसवणे ही तर म्हाताऱ्या माणसाचे हाड मोडण्याची सोय आहे.

चार इंची सिमेंट काँक्रीट (१:२:४) १०० चौ. फुटांना सुमारे ३३ घनफूट लागते, म्हणजे सिमेंटची सुमारे ६ पोती. दर १० फुटांवर सांधा सोडावा. न सोडल्यास काँक्रीट स्वतःच सांधा निवडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या या भागात काँक्रीट दुपारी ओतू नये, सकाळी लवकर ओतावे आणि निदान सात दिवस त्यावर गोणपाट ओले ठेवावे. असे अंगण रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. उन्हाळ्यात बाज टाकून अंगणात झोपण्याची चाल कमी होण्याचे ते एकमेव नसले तरी एक कारण आहे.

पेव्हर ब्लॉक गेल्या वीसेक वर्षांत आले. त्यांना भारतीय मानक १५६५८ लागू आहे. पायी वापराला ५० मि. मी. व दुचाकी-चारचाकीला ६० मि. मी. जाडी घेतात. त्यांचा खरा गुण सांध्यातून थोडे पाणी मुरणे हा होय. तळाशी काँक्रीट ओतून वर सांधे सिमेंटने बुजवणारे कारागीर तो गुणच काढून घेतात. तळाला मुरूम, त्यावर गिट्टीची चुरी, कडेला घट्ट बसवलेली काँक्रीटची कड, एवढे पुरते. कड नसेल तर ब्लॉक दोन वर्षांत सरकतात.

रेतीचा पुरवठा वैनगंगा व तिच्या उपनद्यांतून होतो. २०२३ च्या धोरणात शासनाने रेतीचा दर ब्रासला ६०० रुपये ठरवला होता. प्रत्यक्ष बाजारभावाबद्दल येथे काही न लिहिणे बरे.

ओटा व पायऱ्या : ओट्याची उंची बसणाऱ्याच्या गुडघ्याएवढी, दीड फूट, रुंदी दोन फुटांपेक्षा कमी नको. पायरीची उंची सहा इंच, पाऊल ठेवायची जागा फूटभर.

तुळशीवृंदावन : बहुधा मुख्य दारासमोर. विटांचे, चुन्याने रंगवलेले. आता तयार सिमेंटचे किंवा संगमरवरी मिळते. तळाला भोक हवे, नाही तर तुळस कुजते.

विहीर व बोअरवेल : विहिरीभोवतीचा चौथरा बाहेरच्या बाजूला उतरता असावा. रूपांतरित खडकात पाणी भेगांतून मिळते, त्यामुळे शेजारच्या बोअरवेलला लागले म्हणून आपल्याला लागेलच असे नाही.

कुंपण : बेशरमाच्या फांद्या, बांबूचे ताटवे, मातीची भिंत व तिच्या माथ्यावर कवेलूंची ओळ, विटांची भिंत, तयार काँक्रीटच्या पट्ट्या असा क्रम सांगता येतो, परंतु एकाच गल्लीत हे सगळे प्रकार एकाच वेळी दिसतात. माथ्यावरची कवेलू गेली की मातीची भिंत दोन पावसाळेही काढत नाही.

झाडे : आंबा, कडुनिंब किंवा मुंगना (शेवगा) यांच्या बुंध्याभोवती निदान चार फूट व्यासाचे आळे उघडे ठेवावे. ओटा झाडाला चिकटवून बांधू नये.

वास्तुशास्त्र : विहीर ईशान्येस असावी असे मानतात. मतभेद आहेत.

प्राचीन अवशेष : जिल्ह्यातील आखीव बांधणीचा एक जुना पुरावा पवनीचा. तेथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीवर विटांचा बौद्ध स्तूप, त्याभोवतीचा प्रदक्षिणापथ व कोरीव दगडी वेदिकेचे अवशेष मिळाले, शां. भा. देव व ज. प. जोशी यांनी त्याचा अहवाल लिहिला. प्रदक्षिणापथ हे घराचे अंगण नव्हे, हे उघड आहे. तरीही चालण्याची ठरावीक जागा आखणे आणि तिला कठडा घालून मोकळ्या जमिनीपासून वेगळी करणे ही कल्पना वैनगंगेच्या काठी दोन हजार वर्षांहून जुनी आहे, एवढे त्यावरून म्हणता येते. पवनीचा तट व खंदक प्रसिद्ध आहेत. त्या काळच्या सामान्य घरांच्या अंगणांविषयी उत्खननाचे साहित्य तोकडे आहे.

 

नियम : गावठाणात बांधकामाला ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चे कलम ५२ लागू होते. नगरपालिका व प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रांत डिसेंबर २०२० पासूनची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली पाहावी. तिच्यानुसार रस्त्याकडील आवारभिंत सर्वसाधारणपणे दीड मीटरपर्यंत भरीव असू शकते आणि ५०० चौ. मी. व त्याहून मोठ्या भूखंडांना पाऊसपाणी साठवण किंवा पुनर्भरण सक्तीचे आहे. गावठाणातील हद्दीचे वाद जुने आहेत. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्यात येतात. तिच्यात अंगण कोणाच्या नावे लागले आहे हे भिंत बांधण्याआधी तपासावे.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौ. मी. ठरलेले आहे. स्वयंपाकाची जागा त्यात धरली आहे. अंगण धरलेले नाही.