अणूचा स्वीकार : तर्काकडून पुराव्याकडे

पदार्थाचे विभाजन करीत गेल्यास अखेरीस काय उरते, हा प्रश्न प्राचीन आहे. ग्रीसमध्ये डिमॉक्रिटसने, भारतात वैशेषिकांनी आणि बौद्धांपैकी वैभाषिकांनी परमाणू मानला. आचार्य वसुबंधूंनी ‘विंशतिका’ या ग्रंथात त्यावर मार्मिक आक्षेप घेतला. एका परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू जोडले जात असतील, तर त्याला सहा बाजू मानाव्या लागतात. मग तो निरवयव कसा? या वादाने प्रश्न धारदार झाला. उत्तर मात्र पुढे मोजमापातून आले.

१८०८ साली इंग्लंडमधील जॉन डाल्टन यांनी आपला अणुसिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. मूलद्रव्ये ठरावीक वजनी प्रमाणातच संयोग पावतात, याचे कारण त्यांनी अणूत शोधले. तरीही पुढील शंभर वर्षे अनेक विद्वानांना अणू ही केवळ सोयीची कल्पना वाटे. ऑस्ट्रियाचे एर्न्स्ट माख आणि जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांचे म्हणणे असे, की जे अनुभवास येत नाही ते सत्य म्हणून मानू नये. हा दुराग्रह होता असे आम्ही म्हणणार नाही. पुरावा मागणे हा त्यांचा अधिकारच होता. अणूचा पक्ष हिरिरीने मांडणारे लुडविग बोल्टझमन निर्णायक पुरावा पाहण्यापूर्वीच, १९०६ साली मृत्यू पावले.

तो पुरावा पाण्याच्या थेंबात होता. पाण्यातील सूक्ष्म कण अखंड थरथरतात, हे रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ साली पाहिले होते. पाण्याच्या रेणूंच्या धडका हे त्याचे कारण मानून आइन्स्टाइन यांनी १९०५ साली त्या हालचालीचे गणित मांडले. १९०८ पासून पॅरिसमध्ये झाँ पेरँ यांनी ते पडताळले. एका पिवळ्या डिंकाचे समान आकाराचे कण पाण्यात सोडून निरनिराळ्या उंचीवरील कण त्यांनी सूक्ष्मदर्शकातून मोजले. उंचीबरोबर हवा विरळ व्हावी तसे ते विरळ होत गेले. त्यावरून ३२ ग्रॅम ऑक्सिजनमधील रेणूंची संख्या निघाली : ७ या अंकापुढे २३ शून्ये, सुमारे इतकी. अन्य स्वतंत्र रीतींनीही जवळजवळ तेच उत्तर आले. आज ७ च्या जागी ६.०२२ हा आकडा मानला जातो.

१९०९ साली ऑस्टवाल्ड यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अणूचे अस्तित्व जाहीरपणे मान्य केले.

गंमत अशी, की अणू सिद्ध होत असतानाच त्याचे अविभाज्यत्व संपले. थॉमसन यांना १८९७ साली इलेक्ट्रॉन सापडला होता. रदरफर्ड यांनी १९११ साली अणुकेंद्रक, तर चॅडविक यांनी १९३२ साली न्यूट्रॉन दाखविला. यावरून वसुबंधूंना हे सारे आधीच ज्ञात होते, असे म्हणण्याचा मोह आपण टाळला पाहिजे. प्राचीनांच्या नावावर आजचे शोध जमा करणाऱ्यांना आपण पुरावा विचारतो. तोच प्रश्न आपल्या आचार्यांविषयीही विचारावयास हवा. त्यांची थोरवी प्रश्नात आहे. आणि ऑस्टवाल्ड यांची थोरवी, उत्तर समोर येताच आपले मत सोडण्यात आहे.