भाकरीच्या शेजारी काय होतं?

शाकाहाराने कांती उजळते, असं हल्ली लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी ऐकवतं. मी धाराशिव-लातूरकडे आयुष्यभर कातडीचे रोगी तपासले. त्यात सगळ्यात वाईट भाजून निघालेली कातडी होती, ती वर्षातून एक-दोनदाच मटण बघणाऱ्या माणसांची. त्यांनी कसलं व्रत घेतलेलं नव्हतं. जत्रेत बोकड पडला तर वाट्याला चार फोडी, एरवी भाकरी. शाकाहार आणि कातडी यांचा इतिहास म्हणूनच मला ज्वारीपासून सांगावा लागतो.

सत्तरच्या दशकात उन्हं तापायला लागली की दवाखान्यात सालगडी यायचे. तक्रार ठरलेली : ‘‘बाई, उनानं जळलंय.’’ हात पुढे करायला सांगितला की मनगटापासून बोटांपर्यंतची कातडी काळपट तांबूस, जाड, भेगाळलेली. सदऱ्याची बाही जिथे संपते तिथे सुरीने आखल्यासारखी सीमा, तिच्या वर चांगली निरोगी कातडी. दोन्ही हातांना अगदी सारखंच. मग मी गळ्याचं बटण काढायला लावायची. तिथे कंठीसारखा पट्टा दिसला की जीभ बघायची. ती लालभडक, गुळगुळीत, तिखट लागताच चरचरणारी. हगवण आहे का, रात्री झोप येते का, हे विचारल्यावर बरोबरची बायको हळूच सांगायची की हल्ली येड्यावानी करतात. घरच्यांना महारोगाची धास्ती असायची. होता पेलाग्रा, म्हणजे नायसिन या ‘ब’ गटातल्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग. नायसिनचंच एक रूप असलेल्या निकोटिनामाइडच्या गोळ्या सुरू केल्या की दोन-तीन दिवसांत जीभ निवायची, हातांना काही आठवडे लागायचे. गोळी स्वस्त होती. रोगी पुढच्या उन्हाळ्यात परत यायचा, कारण घरी ताट तेच.

हा रोग पहिल्यांदा नीट नोंदवला तो स्पेनमध्ये. अस्तुरियास प्रांतातल्या गास्पार कासाल या वैद्याने १७३५ साली मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत तो पाहिला. गळ्यावरच्या त्या पट्ट्याला आम्ही आजही त्याच्याच नावाने ओळखतो. अमेरिकेहून मका युरोपात आला, पण मेक्सिकोतल्या बायका तो चुन्याच्या पाण्यात शिजवतात ही रीत मागेच राहिली. चुन्याने मक्यात अडकून बसलेलं नायसिन मोकळं होतं. रीत न आणता नुसतं धान्य आणल्याची किंमत इटली-स्पेनच्या गरिबांनी पुढची दोनशे वर्षं कातडीने मोजली.

अमेरिकेच्या दक्षिणेत तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रोग जंतूंचा आहे असंच बहुतेकांचं मत होतं. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरने १९१५ साली मिसिसिपीतल्या रँकिन तुरुंग-शेतावर धडधाकट कैद्यांना माफीच्या बोलीवर मक्याच्या लापशा, पाव, भात, साखरेचा पाक असल्या जेवणावर ठेवलं. अकरापैकी सहा जणांना काही महिन्यांत पेलाग्रा झाला. अनाथाश्रमांत त्याने दूध, अंडी, मांस आणि कडधान्यं वाढवली तेव्हा रोग निघून गेला. कडधान्यं त्या यादीत होती, हे लोक विसरतात. १९३७ साली कॉनराड एल्व्हेहेमने कुत्र्यांना होणाऱ्या पेलाग्रासारख्याच ‘काळी जीभ’ या रोगावर निकोटिनिक आम्ल, म्हणजे नायसिनच, चालतं हे दाखवलं आणि औषध सापडलं.

आपल्याकडे कोडं वेगळं होतं. दख्खनचा गरीब मका खात नव्हता, ज्वारी खात होता. ज्वारीतलं नायसिन मक्याइतकं अडकलेलंही नसतं. तरी हैदराबादच्या दवाखान्यांत पेलाग्राचे रोगी येतच होते. याच हैदराबादच्या संस्थानात १९४८ पर्यंत आमचा मराठवाडा होता. ताट आणि भूक दोन्हीकडची सारखीच. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी निलगिरीतल्या कुन्नूरला सुरू केलेली पोषण प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलली, तेव्हा ती या रोगाच्या दारातच येऊन बसली म्हणायची. तिथल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की दोष नायसिनच्या कमतरतेपुरता नाही. ज्वारीत ल्यूसिन हे अमिनो आम्ल जास्त असतं, आणि ते ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून नायसिन बनवण्याच्या शरीराच्या कामात खोडा घालतं. पुढे ज्वारीवर ठेवलेल्या कुत्र्यांची जीभ काळी पडली आणि आयसोल्यूसिन हे आणखी एक अमिनो आम्ल दिल्यावर हे टळलं. ज्वारीच्या वाणावाणांत ल्यूसिनचं प्रमाण वेगळं असतं हेही तिथेच दिसलं. परदेशात यावर बरेच वाद झाले, अजूनही सगळ्यांना ते पटलेलं नाही. मला विचाराल तर ल्यूसिन खरं असो वा नसो, माझ्या सालगड्यांचं कोडं गावातच सुटत होतं.

कारण त्याच गावात, त्याच ज्वारीवर वाढलेल्या वाण्याच्या, लिंगायत वाड्यावरच्या, ब्राह्मण आळीतल्या माणसांना पेलाग्रा झालेला मी पाहिला नाही. हे लोक तर जन्मात मांस न खाणारे. भाकरी तीच, पण शेजारी तुरीचं घट्ट वरण, दही-ताक, शेंगदाण्याचा कूट घातलेली भाजी. सालगड्याला साल ठरवताना मजुरीचा मोठा भाग ज्वारीच्या पोत्यांत मिळायचा. पोती घरात आली की पोट ज्वारीनेच भरायचं. डाळ विकत आणायची तर रोख पैसा कुठला? मग भाकरी, मीठ-मिरची, कांदा, आणि पावसाळ्यात बांधावरची भाजी. अंबाडी किंवा तांदुळजा. उन्हाळ्यात तीही मिळेनाशी व्हायची. बायकांच्या वाट्याला आमटी आली तरी ती पातेल्याच्या बुडाची. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात बारा मिलिग्रॅमच्या आसपास नायसिन असतं, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज चौदा-सोळा मिलिग्रॅमची. ज्या शेतात सालगडी शेंगा उपटत होता तिथली एक-दोन मुठी शेंग रोज त्याच्या पोटात गेली असती तर माझ्याकडे तो कदाचित आलाच नसता. शेंगा मात्र बाजारात जायच्या, पैसा देणारं पीक ते.

मॅकॅरिसनसाहेबांचे उंदीर इथे आठवतात. त्यांनी कुन्नूरला उंदरांच्या टोळ्यांना हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांचं जेवण घातलं. कणकेची पोळी, दूध, लोणी, डाळ, भाज्या आणि क्वचित मांस या शीख ताटावरचे उंदीर सरासरी २३५ ग्रॅमचे आणि तुकतुकीत केसांचे झाले. मद्रासी भाताच्या ताटावरचे १५५ ग्रॅमवर अडले. मराठी ताट पठाणांच्या खालोखाल तिसरं. आपण तिसरे आलो याचा मला कोवळ्या वयात अभिमान वाटायचा. नंतर कळलं की साहेबांनी उंदरांना खाऊ घातलेलं ताट सालगड्याच्या घरचं नसणार.

दुसरा एक रोग याच मुलखातला, पोरांचा. कोपर, गुडघे, ढुंगण यांवर किसणीसारखे खरखरीत काटे. पुस्तकात त्याला बेडकाची कातडी म्हणतात. १९३०च्या दशकात तो ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाच्या माथी मारला गेला. पुढच्या अभ्यासांत मात्र आवश्यक मेदाम्लं आणि ‘ब’ गटाची जीवनसत्त्वं यांच्या अभावाकडे बोट गेलं, आणि करडईच्या तेलासोबत ‘ब’ गट दिल्यावर काटे मावळताना दिसले. करडई! सोलापूर-धाराशिवची रानं तिने भरलेली असायची. घाण्याचं तेल गरम भाकरीवर, वर चटणी, असं खाणारी पोरं माझ्याकडे क्वचित यायची. नंतर स्वस्त पामतेल आलं आणि करडईचं रान सोयाबीनने घेतलं.

पेलाग्रा गेला तो कुणाच्या शहाणपणाने गेला असं मी म्हणणार नाही. १९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली, तीही ज्वारीच, आणि लोकांनी नाकं मुरडत खाल्ली. रोजगार हमीच्या कामावर सुकडी मिळाली. त्यानंतर रेशनचा गहू-तांदूळ गावोगाव पोचला, मजुरी रोखीत मिळू लागली, एका धान्याची सत्ता मोडली. नव्वदनंतर माझ्याकडे आलेले पेलाग्राचे रोगी बहुतेक दारूचे, काही क्षयाच्या गोळ्या खाणारे. ज्वारी मात्र बदनाम न होता शहरात गेली. आता ती ग्लुटेन नसलेली म्हणून मॉलमध्ये चढ्या भावाने मिळते, याचं मला हसू येतं.

आणखी एक गंमत. ज्या निकोटिनामाइडने सालगड्यांचे हात बरे झाले, तेच आज नायसिनामाइड या नावाने छोट्या बाटलीत, पाच-दहा टक्क्यांचं सिरम म्हणून विकलं जातं. चेहऱ्याच्या डागांवर त्याचा थोडा उपयोग होतो, मी स्वतः लिहून देते. पण बाटलीतल्या थेंबाने ताटातली उणीव भरत नाही.

तेव्हा शाकाहाराने कातडी सुधारते का? भरल्या ताटाच्या शाकाहाराने ती नीट राहते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नुसतं मांस वगळल्याने काही होत नाही. ज्वारी आवडत असेल तर जरूर खा. दोन भाकऱ्यांसोबत वाटीभर घट्ट वरण, मूठभर शेंगदाणे, एक पालेभाजी आणि पेलाभर ताक घ्या. दूध-दहीही सोडलं असेल आणि बोटांची पेरं काळवंडू लागली असतील, तर मलम बदलत बसू नका, आधी बी-१२ तपासून घ्या.