एकट्याची सायकल आणि परक्याचें दार

लातूर जिल्ह्यांतील निलंगा हें गांव कर्नाटकाच्या सीमेलगत वसलें आहे. १९५६ पर्यंत हा तालुका बीदर जिल्ह्यांत मोडत असे. मराठी, कानडी आणि दखनी या तिन्ही भाषा त्या मुलखांत नांदत आल्या. अशा सरहद्दीवर परका मनुष्य हा नवलाचा विषय नव्हता. त्याची सोय कशी लावावी, हें समाजानें पूर्वींच ठरवून ठेवलें होतें. पंढरीच्या वाटेवर दिंडीला गांवोगांवीं भाकरी मिळे. जवळच्या कल्याण येथें बाराव्या शतकांत बसवेश्वरांनीं आणि शरणांनीं दासोहाचा आचार रुजविला. दर्ग्यांतून लंगर चाले. नांवें निराळीं, पण तत्त्व एकच: वाटसरूला आधीं जेवूं घालावें, नांवगांव मागाहून विचारावें.

ही सारी व्यवस्था पायीं चालणाऱ्यासाठीं उभी राहिली. पुढें आगगाडी आली, मोटार आली, आणि तिकिट काढणाऱ्या प्रवाशाला कोणाच्या ओसरीची गरज उरली नाहीं. तथापि यंत्रयुगांतीलच एक वाहन या जुन्या व्यवस्थेवर विसंबून राहिलें. तें म्हणजे सायकल. दूरच्या वाटेवरील सायकलस्वार चाकांवर चालतो खरा. पण पाणी, भाकरी आणि निवारा यांच्या बाबतींत तो पादचाऱ्याचाच भाऊबंद होय.

थॉमस स्टीव्हन्स यानें हें प्रथम अनुभविलें. १८८४ सालीं तो उंच चाकाच्या सायकलवर सॅन फ्रान्सिस्कोहून एकटाच निघाला आणि डिसेंबर १८८६ मध्यें योकोहामास पोंचला. सामान म्हणजे मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल आणि तंबूचेंहि काम देणारा पावसाळी कोट. तुर्कस्तान आणि इराण ओलांडतांना त्याला रोज कोणाचें तरी दार ठोठवावें लागे. अफगाणिस्तानांतून त्याला परत पाठविण्यांत आलें. चीनमध्यें जमावानें त्याच्यावर दगडफेक केली, तेव्हां तेथील अंमलदारांनींच त्याला आश्रय दिला. दगड परक्यांचे आणि आश्रयहि परक्यांचाच.

मुंबईची कथा अधिक जवळची. १९२० सालीं ओव्हल मैदानावर युरोपांतून हिंदुस्थानांत पायीं आलेल्या एका फ्रेंच गृहस्थाचें व्याख्यान झालें. त्यापासून स्फूर्ति घेऊन १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासास निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगारा या तिघांनीं सुमारें ७१,००० किलोमीटर तुडवून मार्च १९२८ मध्यें मुंबई गांठली. सायकलस्वारांचा गुरु पादचारी निघावा, हा केवळ योगायोग नव्हे.

१९२४ सालीं फ्रामरोझ दावर हा क्रीडा-पत्रकार मुंबईहून एकटाच निघाला. व्हिएन्ना येथें त्याला गुस्टाव स्ताव्यानिक हा सोबती मिळाला. पुढें या जोडीनें सहारा, अँडीज आणि ॲमेझॉनचें अरण्य पार केलें. सात वर्षांत ५२ देश आणि १,१०,००० किलोमीटर झाले. या विक्रमापुढें व्हिएन्नापर्यंतचे एकाकी ५,००० किलोमीटर थोडे वाटतात. परंतु दोघे असले म्हणजे एक आजारी पडतां दुसरा उशाशीं बसतो. एकट्याच्या उशाशीं बसेल तो परकाच.

साधनें सुधारलीं म्हणून ही परावलंबिता संपली नाहीं. २०१८ सालीं पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या अवघ्या वीस वर्षांच्या तरुणीनें १५९ दिवसांत सुमारें २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि तीहि बहुतांशीं एकटीनें. कॅनडांत अस्वल पाठीस लागलें. स्पेनमध्यें चाकूच्या धाकानें तिला लुटलें. तरीहि ती पुढें गेली, कारण पुढचा मनुष्य तसा नसेल हा भरंवसा टाकून एकट्याचा प्रवास होतच नाहीं.

असा भरंवसा दोन्ही बाजूंनीं ठेवावा लागतो, ही गोष्ट प्रवासवर्णनांत सहसा मागें पडते. स्वाराचें धैर्य नकाशावर दिसतें. दार उघडणाऱ्याचें दिसत नाहीं. अंधारांत आलेल्या, बोली न समजणाऱ्या मनुष्याला आंत घेणारी गृहिणी तितकेंच धाडस करीत असते, आणि तेंहि घरांत मुलेंबाळें निजलेलीं असतांना. सायकलस्वारांचीं नांवें इतिहासानें टिपलीं आहेत. त्यांच्या पुढ्यांत ताट ठेवणारीं माणसें बहुधा निनांवीच राहिलीं. पण त्यांच्यावांचून यांपैकीं एकहि प्रवास तडीस गेला नसता.