टास्क मॅनेजरमधल्या अनोळखी प्रोसेसची खरी फाईल कशी शोधायची?

लॅपटॉपचा फॅन घोंघावतोय, आणि टास्क मॅनेजरमध्ये भलत्याच नावाची प्रोसेस अर्धा सीपीयू खातेय. नाव गुगल केलं, तर निम्मे म्हणतात व्हायरस, निम्मे म्हणतात विंडोजचीच आहे. दोघंही बरोबर असू शकतात! कारण तिथे दिसतं ते फक्त नाव, आणि फाईलला नाव कोणीही काहीही देऊ शकतं. बघायचं असतं ते फाईल कुठे ठेवलीय हे.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. प्रोसेसवर राइट क्लिक करून 'ओपन फाईल लोकेशन' निवडा, फोल्डर समोर उघडेल. सगळ्यांचे पत्ते एकदम हवे असतील तर 'डिटेल्स' टॅबमध्ये कॉलमच्या नावावर राइट क्लिक करा आणि 'सिलेक्ट कॉलम्स'मधून 'इमेज पाथ नेम' व 'कमांड लाईन' चालू करा. कमांड लाईन विसरू नका. पॉवरशेल किंवा पायथन दिसलं तर फाईल अस्सल असू शकते, पण ती कोणती स्क्रिप्ट चालवतेय ते इथेच कळतं.

आता नेहमीचा संशयित: एसव्हीसीहोस्ट. याच्या डझनावारी एंट्री दिसतात म्हणून घाबरू नका. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून, ३.५ जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर बहुतेक सर्व्हिसना वेगळी प्रोसेस मिळते. खरी फाईल विंडोज फोल्डरातल्या सिस्टम३२ मध्ये असते (३२-बिट कॉपी सिसवॉव६४ मध्ये). हेच नाव ॲपडेटा किंवा टेम्पमधून चालत असेल, तर गडबड आहे. मात्र नुसतं ॲपडेटा दिसलं म्हणून डिलीट मारू नका, डिस्कॉर्डसारखी चांगली ॲप्सही तिथेच राहतात. संशय आला तर आधी नेट बंद करा, मग डिफेंडरने फुल स्कॅन.

लिनक्सवर तर हे फारच सोपं. प्रॉक फोल्डरात प्रत्येक प्रोसेसच्या नंबरचा फोल्डर असतो आणि त्यातली 'एक्सई' ही लिंक थेट मूळ फाईल दाखवते. पुढे 'डिलीटेड' लिहिलेलं असेल तर फाईल डिस्कवरून उडालीय, प्रोसेस मात्र अजून चालूच आहे. अपडेटनंतर असं होतं, पण मालवेअरही हीच युक्ती वापरतं.

आणि तुमचा अँड्रॉइड? आत लिनक्सच आहे, पण इथे ही लिंक उपयोगाची नाही. सगळी ॲप्स झायगोट नावाच्या एकाच प्रोसेसमधून जन्मतात, त्यामुळे जवळपास प्रत्येकाची लिंक एकाच सिस्टम फाईलकडे जाते. फोनवर ओळख पटवायची ती पॅकेजच्या नावावरून. डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'रनिंग सर्व्हिसेस' उघडून बघा.