वेगदर्शकातील घड्याळ

इंग्लंडात १९०३ च्या मोटार कायद्याने ताशी २० मैलांची वेगमर्यादा घातली. त्याच कायद्यात एक सुज्ञ तरतूद होती: केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून कोणासही ही मर्यादा ओलांडल्याबद्दल दोषी ठरवू नये. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८३ व्या कलमातही हेच तत्त्व आहे. एकट्या साक्षीदाराच्या अंदाजास यंत्राचा आधार हवा. वेगाच्या बाबतीत डोळा फसतो, हे विधिज्ञांनी वेळीच ओळखले होते.

चालकापुढील यंत्राचा इतिहासही तितकाच जुना. ओटो शुल्झे याने १९०२ सालीच चुंबकीय वेगदर्शकाचे पेटंट घेतले होते. तथापि ट्रायम्फ, नॉर्टन, बी. एस. ए. या ब्रिटिश मोटरसायकलींवर १९६० नंतरच्या काही वर्षांपर्यंत मान राहिला तो लंडनच्या स्मिथ्स कंपनीच्या 'क्रोनोमेट्रिक' वेगदर्शकाचा. हा घड्याळाचाच भाऊबंद होय. आत झुलते चक्र आणि केसासारखी कमान. ठराविक क्षणात चाकाकडून आलेले फेरे मोजावयाचे आणि काटा तेवढाच सरकवावयाचा. म्हणूनच तो काटा लयीत टप्प्याटप्प्याने उडतो. किल्ली देणे नको. फिरती तारच त्यास चालविते.

असे यंत्र उघडताना घड्याळजीचाच संयम लागतो. गंजलेले कडे बळाने पिळले तर काच जाते. काटा दोन्ही बाजूंनी सारखा उचलावा. तिरपा ओढल्यास त्याचा आस वाकतो. सुकून घट्ट झालेले वंगण धुवून काढावे, परंतु तबकडीवरील अक्षरांस ते द्रावण लागू देऊ नये, ती पुसली जातात. नवे तेल थेंबाच्याही अंशाएवढेच. शिवाय काही जुन्या तबकड्यांवरील चमकता रंग रेडियमचा असतो. त्याची चमक केव्हाच विझलेली असते, पण रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे! तो रंग खरवडणे म्हणजे ते विष श्वासावाटे आत घेणे. हौसेपायी हे अनेकजण विसरतात.

खरा वाद पुढेच आहे. यंत्र उघडलेच आहे, तर अंतराचे आकडे शून्यावर आणावेत काय? जीर्णोद्धार करणारे पुष्कळजण आणतात. नव्या रंगास नवा आकडा शोभतो, असे त्यांचे म्हणणे. मला ते मान्य नाही. तो आकडा म्हणजे त्या वाहनाची स्वतःची साक्ष आहे, आणि ग्राहक तिच्यावर विसंबून किंमत मोजतो. आकडा होता तेथेच ठेवावा. चाके बदलणे अपरिहार्यच झाले, तर जुना आकडा तारखेसह लिहून वाहनाच्या कागदपत्रांत ठेवावा आणि विक्रीच्या वेळी तो कागद आधी पुढे करावा.