सिंहाविना सिंगा

सुमात्राच्या जंगलात वाघ आहे, हत्ती आहे, सिंह नाही. तरीही तोबा सरोवराकाठच्या बाताक लोकांच्या घराचा राखणदार ‘सिंगा’ या नावाने ओळखला जातो, आणि हे नाव संस्कृत ‘सिंह’ याच शब्दातून आलेलं आहे.

खांबांवर उचललेल्या या घरांच्या दोन्ही अंगांच्या जाड तुळया पुढे निघतात, त्यांच्या टोकांना सिंगाचं मुंडकं कोरतात. लांबट, खाली उतरत गेलेलं तोंड, बटबटीत डोळे, शिंगांसारखा मागे वळलेला मुकुट. थोडा माणूस, थोडा रेडा, थोडी मगर. आयाळ मात्र कुठेच नाही. अंगभर वेलबुट्टी, लाल, काळ्या आणि पांढऱ्या अशा तीनच रंगांत. या कोरीवकामाला ‘गोर्गा’ म्हणतात.

शब्द आला, प्राणी आला नाही. शब्द येण्याच्या वाटा थोड्याफार दिसतात. पश्चिम किनाऱ्यावरचं बारुस हे कापराचं जुनं बंदर. आपण ज्याला भीमसेनी कापूर म्हणतो, तो देणारी झाडं बारुसमागच्या डोंगरांत होती. बारुसजवळ लोबू तुआ इथे १०८८ सालचा तमिळ शिलालेख सापडला. तो ‘पाचशे’ म्हणवणाऱ्या दक्षिण भारतीय व्यापारी संघाचा. आणखी दक्षिणेला पदांग लावासच्या माळावर विटांची बौद्ध देवळं उभी आहेत. तिथले लोक त्यांना ‘बिआरो’ म्हणतात. त्यात ‘विहार’ ऐकू येतो.

बाताक पुरोहिताची, म्हणजे दातूची, झाडाच्या सालीची पोथी ‘पुस्ताहा’. देव ‘देबाता’. तोबा पंचांगातले पहिले सात दिवस मोठ्याने म्हणून पाहावेत: आर्तिया, सुमा, आंगारा, मुदा, बोरास्पाती, सिंगकोरा, सामिसारा. आपल्या जुन्या बोलीतला आइतवार आणि अंगारकीतला अंगारक या यादीत भेटतात, तेव्हा मला तरी दूरच्या गावी घरचं माणूस दिसल्यासारखं होतं.

पण उसनं घेतलं ते नाव. जीव बाताकांनी आपला घातला. बोरास्पातीचंच बघा. बृहस्पतीचं नाव तिथे सरड्याला मिळालं. ‘बोरास्पाती नी तानो’ म्हणजे जमिनीचा बोरास्पाती, भूमीचा देव. घराच्या दर्शनी भागावर स्तनांच्या जोडीने हा सरडा कोरतात, घरात मुलंबाळं आणि धान्य नांदावं म्हणून. उत्तरेकडच्या कारो बाताकांकडे तर राखणदार कोरलेलाही नसतो, शिवलेला असतो: भिंतीच्या फळ्या ताडाच्या जातीतल्या एका झाडाच्या काथ्याने बांधतात, आणि त्या टाक्यांतूनच दोन्ही टोकांना डोकं असलेला सरडा उमटतो. फळ्या धरून ठेवणारा दोर आणि घर राखणारा जीव एकच. मला या सगळ्या परंपरेत हीच कल्पना सर्वांत सुंदर वाटते.

सिंगा घरापुरता राहिला नाही. सामोसिर बेटावर तोमोक इथे सरदारांच्या दगडी शवपेट्या आहेत. त्यांच्या पुढच्या टोकालाही तेच मुंडकं. दातूच्या औषधी शिंगांवर तो बसला. बाक्कारातल्या पुरोहित-राजांनी तर त्याला नावातच घेतलं: सिसिंगामांगाराजा. त्या घराण्यातला बारावा राजा डचांशी वर्षानुवर्षं लढत १९०७ साली मारला गेला.

तोवर जर्मन मिशनऱ्यांमुळे बरेचसे तोबा बाताक ख्रिस्ती झाले होते. छपरांवरचा काथ्या जाऊन पत्रा आला. आज त्या मुलखातल्या काही चर्चच्या दर्शनी भागावर गोर्गाचे तेच तीन रंग दिसतात.