एकट्याने सागर परिक्रमा : विंचुर्णीच्या माळापासून केप हॉर्नपर्यंत

आटपाडी - आटपाडी म्हटले की डोळ्यांपुढे येते ती वर्षातील बहुतेक काळ कोरडी असणारी माणगंगा, बोरी-बाभळींचे माळ, डाळिंबाच्या बागा आणि टँकरची वाट पाहत वाढलेली एक अख्खी पिढी. येथून सरळ पश्चिमेला रेघ ओढली, तर ती सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर गुहागरच्या आसपास समुद्राला भिडते. अशा गावातील वाचकाला शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या खेळाशी काय देणे-घेणे, असा प्रश्न कोणालाही पडेल. मात्र, भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून जगाला वळसा घालावा, या कल्पनेचा पाठपुरावा ज्या माणसाने केला, तो राहत होता माणदेशाच्या शेजारी, फलटण तालुक्यातील विंचुर्णी या गावी. त्यामुळे या साहसाची गोष्ट दुष्काळी पट्ट्यालाही परकी नाही.

विंचुर्णीचे ॲडमिरल

व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी हे १९७१ च्या युद्धात पूर्व आघाडीवर 'आयएनएस कामोर्ता' या युद्धनौकेचे कमांडर होते. त्या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले. पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख म्हणून १९८३ मध्ये ते निवृत्त झाले. पुढे ते विंचुर्णीत स्थायिक झाले. भारतीय लष्कराच्या 'तृष्णा' या नौकेने १९८५ ते १९८७ या काळात जगप्रदक्षिणा केली होती; पण तीवर एकापेक्षा अधिक जण होते. एकट्याने ही परिक्रमा कोणाही भारतीयाने केलेली नव्हती. ही उणीव भरून निघावी, यासाठी आवटी यांनी नौदलाकडे आग्रह धरला आणि 'सागर परिक्रमा' हा प्रकल्प आकाराला आला.

या मोहिमेसाठी २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे हे पुढे आले. ते मूळचे नौदलातील पाणबुडे. पाण्याची सवय होती. परंतु महासागरात एकट्याने नौका हाकण्याचा अनुभव गाठीशी नव्हता. नौका नव्हती, पूर्वीचा भारतीय दाखला नव्हता. त्यांनी इंग्लंडला जाऊन सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या नौकेच्या तयारीत हातभार लावला आणि तेथे या विद्येचे धडे घेतले.

नौकेचा आराखडा हॉलंडच्या व्हॅन डी श्टाड्ट या संस्थेचा. बांधणी मात्र गोव्यात, मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस या कारखान्यात झाली. लाकूड व फायबरग्लास वापरून तयार झालेली ५६ फूट लांबीची ही नौका फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. तिचे नाव 'म्हादेई'. मांडवी नदीचे हे मूळचे नाव.

दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबई सोडली. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटलटन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन अशा चार ठिकाणी थांबून ते मे २०१० मध्ये मुंबईला परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. या कामगिरीबद्दल त्यांना शौर्यचक्राने गौरविण्यात आले.

परिक्रमा कशाला म्हणतात?

केवळ पूर्वेकडे निघून पश्चिमेकडून परतले, की परिक्रमा पूर्ण झाली असे होत नाही. सर्वसाधारणपणे पुढील नियम पाळावे लागतात :

- ज्या बंदरातून निघाले, तेथेच प्रवास संपला पाहिजे.
- सर्व रेखावृत्ते ओलांडली पाहिजेत आणि विषुववृत्त किमान दोन वेळा ओलांडले पाहिजे.
- एकूण अंतर किमान २१,६०० सागरी मैल भरले पाहिजे.
- सुएझ किंवा पनामा कालव्याचा आधार घेता येत नाही.
- इंजिनाच्या किंवा दुसऱ्या नौकेने ओढण्याच्या बळावर पुढे जाता येत नाही. प्रवास वाऱ्यावरच व्हायला हवा.

यातील २१,६०० हा आकडा कोठून आला, हे समजून घेण्यासारखे आहे. वर्तुळाचे ३६० अंश आणि प्रत्येक अंशाच्या ६० कला. पृथ्वीच्या परिघावरील एक कला म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. तेव्हा ३६० गुणिले ६० म्हणजे २१,६०० सागरी मैल, सुमारे ४० हजार किलोमीटर. थोडक्यात, हा पृथ्वीचा परीघ आहे.

मार्ग दक्षिणेचाच का?

दक्षिण गोलार्धात ४० अंश अक्षांशाच्या खाली वाऱ्याला अडविणारी जमीन फारशी नाही. त्यामुळे तेथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे जवळजवळ अखंड वाहतात. शिडाच्या नौकेला हा वारा पाठीशी मिळतो, म्हणून बहुतेक परिक्रमा पश्चिमेकडून पूर्वेकडे होतात. ऑस्ट्रेलियाचे केप लीउविन, दक्षिण अमेरिकेचे केप हॉर्न आणि आफ्रिकेचे केप ऑफ गुड होप ही तीन भूशिरे या वाटेवरील कसोटीची ठिकाणे मानली जातात. त्यातही केप हॉर्न अवघड. तेथे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधील चिंचोळ्या पट्ट्यातून वारा आणि पाणी दोन्ही रेटले जातात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तेथील उन्हाळा. त्या काळात हॉर्न ओलांडता यावे, या हिशेबाने भारतातून ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या दरम्यान निघावे लागते.

शिडाची नौका थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. समोरून वारा असेल, तर त्याच्याशी साधारण ४५ अंशांचा कोन करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे अशी नागमोडी वाट काढावी लागते. घाटातील वळणांचा रस्ता जसा चढ सोपा करतो, तसाच हा प्रकार. वारा वाढला, की शीड आखूड करायचे. वादळात अगदी लहान, जाड कापडाचे शीड ठेवायचे. एकट्या माणसाला ही सारी कामे रात्री-अपरात्री, हेलकावणाऱ्या डेकवर, कमरेचा पट्टा नौकेला अडकवून करावी लागतात. हा पट्टा सुटून माणूस पाण्यात पडला, तर नौका त्याला सोडून पुढे निघून जाते. तिला मागे वळविणारे कोणीही नसते. एकट्याच्या प्रवासातील हा सर्वांत मोठा धोका आहे.

झोप आणि पाणी

सलग झोप ही या प्रवासात चैन समजली जाते. जहाजांच्या वर्दळीच्या भागात वीस-तीस मिनिटांच्या डुलक्यांवर भागवावे लागते. त्या वेळी सुकाणू सांभाळते ते विजेवर चालणारे यंत्र किंवा वाऱ्याच्या दिशेनुसार वळणारे पाते. पिण्याचे पाणी टाक्यांत साठवलेले असते. काही नौकांवर खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र असते, तर काही ठिकाणी पावसाचे पाणी शिडावरून धरले जाते. आंघोळ व भांडी घासणे समुद्राच्या पाण्याने. चहूकडे पाणी असूनही गोड्या पाण्याचा तांब्या मोजून वापरणे म्हणजे काय, हे माणदेशी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मुंबईत जन्मलेली 'सुहैली'

या खेळाचा इतिहास १८९५ पासून सुरू होतो. जोशुआ स्लोकम यांनी त्या वर्षी बोस्टनहून 'स्प्रे' नावाची नौका बाहेर काढली आणि १८९८ मध्ये एकट्याने जगाची पहिली परिक्रमा पूर्ण केली. ब्रिटनचे फ्रान्सिस चिचेस्टर यांनी १९६६-६७ मध्ये वयाच्या पासष्टीत केवळ सिडनी येथे एकदा थांबून प्रदक्षिणा केली. त्यानंतर कोठेही न थांबता ती करणे एवढेच शिल्लक होते.

'संडे टाइम्स'ने १९६८ मध्ये त्यासाठी गोल्डन ग्लोब शर्यत जाहीर केली. नऊ जण निघाले. पूर्ण केली ती एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी. १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ असे ३१२ दिवस ते समुद्रावर होते. त्यांची ३२ फुटी 'सुहैली' ही सागवानी नौका बांधली गेली होती मुंबईत. बिनथांबा परिक्रमा करणारी जगातील पहिली नौका मुंबईच्या कारागिरांच्या हातची होती, ही बाब आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

याच शर्यतीला दुसरी, काळी बाजूही आहे. डोनाल्ड क्रोहर्स्ट हे हौशी नौकापटू पुरेशा तयारीविना, घर-व्यवसाय पणाला लावून निघाले. पुढे जाणे अशक्य आणि मागे फिरणे म्हणजे दिवाळे, अशा पेचात त्यांनी अटलांटिकमध्येच राहून खोटी ठिकाणे कळविली. जुलै १९६९ मध्ये त्यांची नौका रिकामी सापडली. ते सापडले नाहीत. नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपले पाच हजार पौंडांचे बक्षीस क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला देऊन टाकले. हौशी माणसाने या खेळाकडे वळताना हे उदाहरण सर्वांत आधी वाचावे. नौका मोडली तर दुरुस्त होते; परत फिरण्याची वाट मात्र निघण्यापूर्वीच मोकळी ठेवावी लागते.

दोंदे यांच्यानंतर

दोंदे यांच्या मोहिमेत सहायक असलेले अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ रोजी 'म्हादेई'तूनच मुंबई सोडली आणि कोठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी ते परतले. बिनथांबा परिक्रमा करणारे ते पहिले भारतीय. त्यांना कीर्तिचक्र मिळाले.

गोल्डन ग्लोब शर्यत पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाली. आधुनिक दिशादर्शक यंत्रे वापरायची नाहीत. सेक्स्टंट, कागदी नकाशे आणि आकाशातील सूर्य-तारे यांवरच वाट शोधायची, असा तिचा नियम. टॉमी त्यात गोव्यात बांधलेल्या, 'सुहैली'च्या धर्तीवरील 'तुरिया' नौकेतून उतरले. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने नौका उलटली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच नौकेने त्यांची सुटका केली. शस्त्रक्रियेत कण्यात धातूच्या पट्ट्या बसविल्या गेल्या, चालणेही नव्याने शिकावे लागले. तेच टॉमी सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा याच शर्यतीत उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये 'बायानात' नौकेतून दुसऱ्या क्रमांकाने परतले. पहिल्या आल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर. २०१८ चे विजेते ज्यां-लुक व्हॅन डेन हीड हे तर ७३ वर्षांचे होते. तेव्हा हा खेळ केवळ तरुणांचा आणि पुरुषांचा, ही समजूतही उरलेली नाही.

महिलांनी परिक्रमा करावी, हाही आवटी यांचा आग्रह होता. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी' नौकेतून १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात ती पूर्ण केली. त्यानंतर लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात त्याच नौकेतून जगाला वळसा घातला.

हौशी माणसाने सुरुवात कोठून करावी?

वरील भारतीय मोहिमांपैकी बहुतेकांमागे नौदलाचे पाठबळ होते, हे विसरून चालणार नाही. खासगी नौकापटूला नौका, तिची देखभाल, विमा आणि उपग्रह संपर्क यांचा खर्च स्वतः किंवा प्रायोजकांकरवी उभा करावा लागतो. त्या मानाने शिकण्याची सुरुवात सोपी आहे. त्याचे टप्पे असे :

- पोहणे उत्तम यायला हवे. विहिरीत पोहणारा मुलगा येथे मागे नाही. मात्र लाटांची सवय वेगळी करावी लागते.
- लहान शिडाच्या होडीवर वारा ओळखायला शिकावे. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'ऑप्टिमिस्ट' आणि पुढे एकट्याने चालविण्याची 'लेझर' या होड्या सर्वमान्य आहेत.
- महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनसीसीच्या नौदल विभागात वल्हविणे व शीड हाताळणे शिकता येते.
- त्यानंतर मोठ्या नौकेवर सहकारी म्हणून काम, किनाऱ्यालगतचे दिवसाचे प्रवास, मग रात्रीचे, मग खोल समुद्रातील आणि सर्वांत शेवटी एकट्याने.
- प्रथमोपचार, इंजिन व विजेची दुरुस्ती, हवामानाचे नकाशे वाचणे आणि शीड शिवणे ही कामे स्वतःला यायला हवीत. भर समुद्रात मिस्त्री मिळत नाही.

शीड शिकण्यासाठी समुद्रच हवा, असेही नाही. खडकवासल्याच्या जलाशयात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी शीड हाताळायला शिकतात. हैदराबादच्या हुसेनसागरात भर पावसाळ्यात शर्यती होतात, तर भोपाळच्या मोठ्या तलावावर राष्ट्रीय पातळीवरील प्रशिक्षण चालते. ही तिन्ही ठिकाणे समुद्रापासून दूर आहेत. टेंभू योजनेचे पाणी आल्यापासून आटपाडी परिसरातील तलावांतही पाणी दिसू लागले आहे. वारा तर माणदेशात पूर्वीपासूनच भरपूर आहे.

मनोहर आवटी यांचे ४ नोव्हेंबर २०१८ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी निधन झाले. 'तारिणी' परतल्याचे त्यांनी पाहिले होते. टॉमी यांचे पुनरागमन पाहायला मात्र ते नव्हते. गलाईच्या धंद्यासाठी घर सोडून देशाच्या कानाकोपऱ्यात पोचलेल्या खानापूर-आटपाडीच्या माणसांना अनोळखी मुलखाची भीती फारशी वाटत नाही. त्यांच्या एखाद्या नातवाला किंवा नातीला उद्या समुद्राची ओढ लागली, तर 'आपले ते काम नव्हे' असे म्हणण्यापूर्वी घरच्यांनी विंचुर्णीच्या त्या ॲडमिरलांची आठवण ठेवावी. आणि पहिला धडा म्हणून त्या मुलाला किंवा मुलीला पोहायला शिकवावे.